‘थांबवा’ दाबलं की खरंच थांबायला हवं

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बार्शीत माझं झेरॉक्स, डीटीपी आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. शेवटच्या तारखेला साइट बंद पडली की तुमच्या पेपरात फोटोसकट बातमी येते आणि ती यायलाच पाहिजे, पण साइट चालू असताना जो त्रास होतो त्याच्यावर कुणी लिहिलेलं मी तरी वाचलं नाहीये, म्हणून हे पत्र. माझं म्हणणं एवढंच आहे की कॉम्प्युटरला किंवा मोबाईलला एखादं वेळखाऊ काम लावलं आणि ते चालू असताना लक्षात आलं की चुकलंय, तर ते थांबवायची सोय माणसाच्या हातात पाहिजे, आणि ती नुसती दाखवायला नको, दाबली की चालली पाहिजे.

मागच्या महिन्यात वैरागकडच्या एका गावातून एक मुलगी आणि तिची आई दुकानात आल्या, स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला. मुलीच्या मोबाईलमधे उत्पन्नाच्या दाखल्याच्या दोन पीडीएफ होत्या, एक मागच्या वर्षीची एक या वर्षीची, दोन्हीची नावं म्हणजे नुसते लांबलचक आकडे. मी फाइल लावली, ‘सादर करा’ दाबलं, गोल फिरायला लागला आणि तेवढ्यात मुलगी म्हणाली ताई हा मागच्या वर्षीचा आहे ना. स्क्रीनवर सगळं करडं झालेलं आणि मधे एक ओळ, कृपया प्रतीक्षा करा, बॅक किंवा रिफ्रेश करू नका. बस. रद्द करा नाही, थांबवा नाही, कोपऱ्यात फुली पण नाही. भिंतीवरच्या घड्याळात बघून सांगते, चार मिनिटं तो गोल फिरत होता. चार मिनिटं आम्ही तिघी जणी त्या गोलाकडं बघत होतो आणि तिघींनाही माहीत होतं की जे चाललंय ते चुकीचं चाललंय.

तुम्ही म्हणाल टॅब बंद करायचा. मी हे काम रोज करते, टॅब बंद केला की काय होतं ते मला माहितीये. फॉर्म अर्धा तिकडं पोचलेला असतो, परत लॉगिन केलं की ‘आपला अर्ज आधीच अस्तित्वात आहे’ असं येतं, आणि तो अस्तित्वात असलेला अर्ज उघडता पण येत नाही. म्हणून हात बांधून बसून राहिलो. शेवटी हिरवी टिक आली, अर्ज सादर झाला, जुन्या दाखल्यासकट. मग कॉलेजच्या ऑफिसमधनं तो परत मुलीच्या लॉगिनला पाठवायला लावायचा, त्याच्यासाठी कॉलेजला दोन हेलपाटे आणि माझ्याकडं एक, आणि आई मजुरीला जाते तिचे तेवढे दिवस बुडाले. चूक माझी होती, फाइल मी लावली, ते मी त्यांना तिथंच सांगितलं. पण चूक लक्षात आली तेव्हा अर्ज अजून गेलेला नव्हता हो! ती सुधारायला चार मिनिटं होती आमच्याकडं, आणि त्या चार मिनिटांत करता येईल असं काहीच ठेवलेलं नव्हतं.

मी १९९९ ला एका प्रेसमधे डीटीपी ऑपरेटर म्हणून लागले. तेव्हाच्या मशीन म्हणजे ३२ एमबी रॅमच्या, आणि कोरलड्रॉ म्हणून पत्रिका-डिझाइनचं जे सॉफ्टवेअर आहे त्यात लग्नपत्रिकेची फाइल उघडली, गणपती, कलश, वेलबुट्टी आणि मागं एक मोठा फोटो, की एकदा स्क्रीन पूर्ण रंगायला चहा पिऊन व्हायचा. पण त्यात एक सोय होती, सेटिंगमधे ‘इंटरप्टिबल रिफ्रेश’ अशी एक टिक असायची, ती केलेली असली की चित्र अर्धं रंगलेलं असताना तुम्ही माऊस क्लिक केला तर कोरल रंगवणं तिथंच सोडून द्यायचं आणि आधी तुमचं काम करायचं. पूर्ण चित्र बघायचंच असेल तर कंट्रोल-डब्ल्यू दाबायचं. मशीन एवढी हळू होती पण आम्हाला कधी अडकल्यासारखं वाटलं नाही. आता माझ्या दुकानातली मशीन तेव्हाच्यापेक्षा किती पट वेगवान आहे ते मला मोजता पण येणार नाही, आणि तरी दिवसातनं दहा वेळा मी गोलाकडं बघत बसते.

म्हणजे थांबवायची सोय ही काय नवीन किंवा महागडी गोष्ट नाहीये, सुरुवातीपासनं आहे ती. युनिक्स नावाच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टमवर काम करणारे लोक कंट्रोल-सी दाबून चालू प्रोग्राम थांबवतात, जुन्या मॅकवर कमांड आणि पूर्णविराम दाबायचे. १९९३ ला मोझॅक ब्राउझर आला त्याच्यात वर कोपऱ्यात पृथ्वीचा गोल फिरायचा आणि त्याच्यावरच क्लिक केलं की पान येणं थांबायचं, म्हणजे जो गोल सांगतोय की थांबा काम चालू आहे त्यालाच दाबलं की काम बंद. आजच्या ब्राउझरमधे पण पान लोड होत असताना रिफ्रेशच्या जागी फुली येते ती हीच. एक्सेल बघा, मोठी शीट असेल आणि खाली हिशोबाची टक्केवारी सरकत असेल, तेव्हा तुम्ही मधेच टाइप करायला लागलात तर ते हिशोब बाजूला ठेवून आधी तुमचं ऐकतं आणि मग परत हिशोबाला लागतं. विंडोजमधे फाइल कॉपी करताना आधी फक्त रद्द करता यायचं, २०१२ ला विंडोज ८ मधे पॉझ पण आलं. आणि सगळ्यात सोपं उदाहरण व्हॉट्सअपचं, व्हिडिओ पाठवताना गोलाच्या मधे जी फुली असते ती. माझ्याकडं सत्तरीचे आजोबा येतात त्यांना फोल्डर म्हणजे काय ते माहीत नाही पण ती फुली दाबायला बरोबर माहितीये, चुकून दुसऱ्याच ग्रुपवर चाललेला व्हिडिओ त्यांनी माझ्यासमोर दोनदा वाचवलाय. आता बटण आहे म्हणून त्यांना जमतं, त्याला शिक्षण लागत नाही.

याकोब नीलसन म्हणून एक जण आहेत, लोकांना सॉफ्टवेअर वापरताना काय अडतं याचा अभ्यास करणारे, त्यांनी १९९३ च्या पुस्तकात तीन आकडे दिलेत आणि हे आकडे पण त्यांच्या आधीपासनं, १९६८ च्या एका निबंधापासनं चालत आलेले आहेत. एक दशांश सेकंदात उत्तर आलं तर माणसाला वाटतं लगेच झालं, एक सेकंदापर्यंत विचाराची तार तुटत नाही, आणि दहा सेकंदाच्या वर गेलं की लक्ष उडतं. दहा सेकंदाच्या वरच्या कामाला किती टक्के झालं ते दाखवा आणि मधेच थांबवायची स्पष्ट दिसणारी सोय द्या, असं ते सांगतात. तीस वर्षं झाली याला. आमच्या त्या फॉर्मचे चार मिनिटं म्हणजे दोनशे चाळीस सेकंद.

माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमधे आहे, त्याला मी फोनवर चांगलं फैलावर घेतलं की तुम्ही लोकं साधं एक बटण का देत नाही. तो म्हणाला आत्या, बटण लावणं अवघड नाही, बटण ऐकणारं कुणीतरी ठेवावं लागतं. त्याचं म्हणणं मी माझ्या भाषेत सांगते. बँकेत काउंटरवर एकच माणूस आहे आणि तोच उठून आतल्या खोलीत रेकॉर्ड शोधायला गेला, तर बाहेरून तुम्ही कितीही हाका मारा, ऐकायला कुणी नाही. विंडोजमधे खिडकी पांढुरकी होते आणि वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ येतं ना, ते हेच, पाच सेकंद हाकेला ओ आली नाही की विंडोज तसं लिहून टाकतं. म्हणून काउंटरवरच्या माणसानं जागा सोडायची नाही, रेकॉर्ड शोधायला दुसरा पाठवायचा. आणि तो जो दुसरा आहे त्यानं दर थोड्या वेळानं मागं वळून बघायचं की थांबायला सांगितलंय का.

हे मागं वळून बघणं मला लगेच समजलं कारण ऑफसेट मशीनवर मी ते रोज बघितलंय. मशीनमनला थांब म्हणलं की तो काय खाडकन मशीन बंद नाही करायचा. आधी फीड बंद, म्हणजे नवीन कागद आत जायचा नाही, आत गेलेले असतील ते छापून बाहेर पडायचे, मग इम्प्रेशन म्हणजे छपाईचा दाब सोडायचा, मग मशीन. काही सेकंदाचं काम. शेजारी मोठं लाल बटण असायचं पण ते कुणाचा हात अडकला तर, कारण ते दाबलं की कागद आतच अडकायचे आणि नंतर निम्मा तास साफसफाई. भाचा म्हणाला आमच्याकडं पण अगदी असंच आहे, जावा म्हणून जी भाषा आहे तिच्यात आधी चालू काम बाहेरून एकदम मारून टाकायची सोय होती, १९९८ च्या आवृत्तीपासनं ती वापरू नका असं सांगायला लागले, कारण माहिती अर्धी बदललेली अर्धी जुनी अशी तशीच पडून राहायची. आता थांबायची विनंती करायची आणि काम करणाऱ्यानं हातातला तुकडा पुरा करून थांबायचं. म्हणजे पद्धत माहितीये, भाषांमधे सोयी आहेत, फक्त ते सुरुवातीलाच ठरवून बांधावं लागतं आणि तेवढा वेळ कुणी मागत नाही आणि कुणी देत नाही.

आता खोट्या बटणाबद्दल लिहिते, कारण बटण नसण्यापेक्षा खोटं बटण जास्त वाईट. एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल होता, शहाण्णव पानं, आणि मी जुनी फाइल प्रिंटला सोडली. तिसऱ्या पानाला कळलं. प्रिंटच्या यादीत जाऊन कॅन्सल केलं, तिथं ‘डिलिटिंग’ असं आलं, आणि प्रिंटर चालूच. चौथं पान, पाचवं पान, आणि स्क्रीनवर डिलिटिंग. शेवटी मी जे करते ते प्रत्येक झेरॉक्सवाला करतो, कागदाचा ट्रे ओढून काढला. मग प्रिंटर बंद करून चालू केला तर उरलेलं काम परत सुरू, आणि या वेळी पानाच्या वर एक ओळ चित्रविचित्र अक्षरं आणि बाकी पान कोरं, अशी पानामागून पानं. कॅन्सल केलं तरी पानं येत राहतात कारण कॉम्प्युटरनं काही पानं आधीच प्रिंटरच्या स्वतःच्या मेमरीत ढकललेली असतात, कॉम्प्युटरवरचं बटण कॉम्प्युटरपुरतं, प्रिंटरला कुणी सांगतच नाही. आणि प्रिंटर बंद करून चालू केला की कॉम्प्युटरच्या यादीत अडकलेलं उरलेलं काम मधनंच परत जायला लागतं. त्याच्यावर उपाय म्हणजे विंडोजच्या सर्व्हिसेसमधे जाऊन प्रिंट स्पूलर, म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणारा प्रोग्राम, थांबवायचा, विंडोजच्या फोल्डरमधे सिस्टम३२, त्याच्यात स्पूल, त्याच्यात प्रिंटर्स, तिथल्या सगळ्या फाइली उडवायच्या आणि स्पूलर परत चालू करायचा. मी हे एका कागदावर लिहून मॉनिटरच्या मागं चिकटवलंय. पण ज्या शाळेच्या क्लार्कबाईकडं असा कागद नाही तिनं काय करायचं, ती बिचारी रिम संपेपर्यंत बघत बसते.

त्यामुळं थांबवा दाबलं की तीन गोष्टी व्हाव्यात असं मला वाटतं. दाबल्या दाबल्या कळावं की ऐकलं, थांबतोय. मग खरंच थांबावं. आणि थांबल्यावर सांगावं की काय झालं आणि काय राहिलं. ही तिसरी गोष्ट सगळे विसरतात. पन्नास फोटोंतले बावीस गेले आणि मी थांबवलं, तर ते बावीस तिकडं आहेत का उडाले? फी भरताना मधे थांबलं तर पैसे कापले का नाही? हे कळत नाही म्हणूनच माणूस बटण दाबायला भितो, बटण असलं तरी भितो. माझ्याकडं येणाऱ्या लोकांचा हात मी बघते, माऊसच्या वर नुसता अधांतरी असतो.

पैशाचं वेगळं आहे हे मला मान्य आहे, यूपीआयनं पैसे निघाले की मधे दोन बँका येतात आणि वाटेत धरून ठेवता येत नाहीत. पण तिथं रिझर्व्ह बँकेनं निदान नियम केला, २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात आहे, यूपीआयनं पाठवताना खात्यातनं कापले आणि समोरच्याला पोचले नाहीत तर दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला पाहिजेत, नाही आले तर पुढं प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणजे अर्धवट राहिलेल्या कामाची जबाबदारी कुणाची ते लिहून ठेवलंय. फॉर्मला असं काही आहे का? फॉर्म अर्धवट अडकला तर जबाबदारी ज्यानं भरला त्याची, असंच सगळे धरून चालतात.

आणि जे थांबवताच येत नाही ते सुरू करायच्या आधी सांगा की एकदा दाबलं की परत नाही. किंवा जीमेलसारखं करा, २०१५ पासनं सगळ्यांना ‘अनडू सेंड’ आहे त्यात, पाच ते तीस सेकंद मेल पाठवतच नाही, धरून ठेवतं, चूक लक्षात आली तर मागं घ्या. गेलेला मेल परत आणता येत नाही म्हणून त्यांनी तो उशिरा पाठवायला सुरुवात केली, किती साधं आहे बघा हे. आमच्या त्या मुलीला पाच सेकंद पुरले असते, ती लगेच बोलली होती.

काही लोक म्हणतात, एका बाईंनी मला फोनवर हेल्पलाइनवरनंच सांगितलं, की मधे थांबवायची सोय दिली तर डेटा खराब होईल, म्हणून देत नाही. याच्यावर माझं उत्तर असं आहे की आमच्याकडं लाइट जाते. उन्हाळ्यात दुपारी जाते, पावसात जाते, इन्व्हर्टर असला तरी राउटर बंद पडतो, मोबाईलची रेंज तर बसस्टँडकडं वळलं की जाते. म्हणजे तुमचं काम रोज मधेच तुटतच आहे, मी तोडलं नाही तरी. जे सॉफ्टवेअर मी बटण दाबल्यानं खराब होतं ते लाइट गेल्यावर पण खराब होणारच, आणि होतंच, मी बघते. मग लाइट गेली तरी नीट राहील असं बांधा, आणि एकदा तसं बांधलं की थांबवायचं बटण द्यायला अडचण कसली. आणि सेशन एक्स्पायर्ड म्हणून तुम्ही आम्हाला मधेच बाहेर काढताच की, पंधरा मिनिटं बसून भरलेला फॉर्म, आई-वडिलांच्या नावापासनं परत सुरू. तुमच्या बाजूनं तोडायची सोय आहे, आमच्या बाजूनं का नाही.

भाच्यानं आणखी एक सांगितलं ते इथं लिहिण्यासारखं आहे. सरकारी वेबसाइटसाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आहेत, जीआयजीडब्ल्यू म्हणतात त्यांना, २००९ ला पहिल्यांदा आल्या आणि २०२३ ला तिसरी आवृत्ती आली. त्यात वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीचे जे जागतिक निकष आहेत ते धरलेत, आणि त्या निकषांमधे असं आहे की कायदेशीर किंवा पैशाचा मामला असेल तर सादर केलेलं मागं घेता यावं, नाहीतर चूक तपासून दुरुस्त करायची संधी द्यावी, नाहीतर शेवटी सगळं दाखवून खात्री करून घ्यावी, तिन्हीतलं एक तरी. हे वाचून मला बरं वाटलं. म्हणजे आम्ही काही जगावेगळं मागत नाही. राज्यात जेवढी पोर्टल बनतात, दाखल्यांची, शेतीची, परीक्षांची, त्यांच्या टेंडरमधेच हे लिहावं, आणि त्याच्या जोडीला लिहावं की दहा सेकंदाच्या वर लागणाऱ्या प्रत्येक कामाला थांबवायचं बटण आणि थांबवल्यावर काय झालं त्याची ओळ मराठीत. आणि तपासायला येणाऱ्या माणसानं हे पुण्या-मुंबईतल्या ऑफिसच्या वायफायवर न तपासता तालुक्याला येऊन, जूनमधे, ॲडमिशनच्या गर्दीत तपासावं. माझ्या दुकानात या, एक खुर्ची रिकामी करून देते.

त्या मुलीचा अर्ज परत तिच्या लॉगिनला आला आणि मागच्या मंगळवारी ती आली होती, एकटीच, आईला काम होतं. या वेळी फाइलचं नाव आम्ही आधीच बदलून ठेवलं, ‘दाखला या वर्षीचा’, आणि फाइल उघडून त्याच्यावरची तारीख मी तिला मोठ्यानं वाचायला लावली, दोनदा. मग सादर करा दाबलं. गोल फिरायला लागला, करडं झालं, तीच ओळ आली, आणि ती मला म्हणाली ताई, आता काही चुकलं असलं तर?

आपली एक वाचक,
बार्शी, जि. सोलापूर